टेंभरीत बर्फ पडला

अंधेरी, मुंबई
१२ नोव्हेंबर १९८२

तीर्थरूप सासूबाई चतुराबाई यांना जावई दौलतराव याचा साष्टांग नमस्कार.

कोकिळा आणि मी खुशाल आहोत. तुमची लेक टेंभरीच्या वांग्यांची आठवण रोज काढते आणि इथल्या वांग्यांना माझ्यासमोर नावं ठेवते. जणू ती मीच पिकवली!

पत्रास कारण आनंदाचं आहे. मी ज्या फिल्म कंपनीत व्यवस्थापक आहे, तिचं नवं मारधाडीचं चित्र येतंय, 'बर्फीली बंदूक'. उत्तरेला बर्फाळ सरहद्द, सरहद्दीवर एक गाव. दुश्मन चालून येतो आणि आपला हिरो एकटा सगळं गाव वाचवून बाहेर काढतो. खऱ्या सरहद्दीवर जाणं जमणार नाही. तिथे खरोखर गोळ्या चालतात, शिवाय हिरोला थंडी सोसत नाही. तेव्हा मी टेंभरी सुचवली. वर उजाड टेकडी, खाली गाव. लग्नात पाहिलं होतं, ते कामी आलं.

जानेवारीत सगळे येऊ. सरपंच रूपरावांच्या कानावर घालावं. गावातल्या सगळ्यांना गर्दीत काम आहे. तुम्हीही पडद्यावर दिसाल.

आपला,
दौलतराव


टेंभरी (लहान), आंजीजवळ
२५ नोव्हेंबर १९८२

जवाईबापूले चतुराबाईचा आशीर्वाद. साष्टांग नमस्कार पोचला. तुमच्या पोटानं तो कसा जमला, ते कोकिळेले विचारीन.

गावात सांगितलं. रूपराव म्हणे येऊ द्या. शेजारची शालूबाई म्हणे, हिरो आपल्या हातचं जेवते काय? मी म्हटलं, जेवन, पण तोंड पुसाले माणूस लागन त्याले.

आता माह्यं ऐका. तुमी मुंबईत राहून विसरले असान, पण टेंभरीवर तीन वर्षांपासून तलाव बसून राह्यला. पाणी यायचं आहे, त्याआधी कागद आले. प्रकल्पाच्या माणसांनी घराघरावर डांबरानं नंबर टाकले. माह्या भिंतीवर एकेचाळीस आहे. आमी म्हणतो, तलाव करा, आमचं काई नाई. पण वांग्या-सांबाराच्या (तुमी मुंबईवाले कोथिंबीर म्हणता) ओलिताच्या वाड्या बुडवता, तर बदल्यात ओलिताचीच जमीन द्या, विहिरीसकट. ते म्हणतात, बरडावर जा. बरडावर कुसळं येतात. कुसळं कोण इकत घेते वर्ध्याच्या बाजारात? म्हणून गावानं पारावर बसून ठरवलं, जमीन भेटल्याबिगर एकही घर हालणार नाई. एक निघालं का सगळ्यांचं गेलं.

तर तुमच्या पिक्चरमंदी आमच्या तलावाचे चार शब्द टाका. आन् मले दोन गोष्टी सांगा. हा दुश्मन कोण आहे? आन् त्या सरहद्दीवरच्या गावाचं नाव काय? तिथंही म्हाताऱ्या असतीनच का नाई? त्यायले कोणी विचारलं काय, का बायांनो, तुमची गोष्ट आमी टेंभरीत नेऊन राह्यलो?

चतुराबाई


मुंबई
९ डिसेंबर १९८२

तीर्थरूप सासूबाईंना नमस्कार.

तुमचे प्रश्न मी आमच्या दिग्दर्शकांना वाचून दाखवले. ते खूप हसले, म्हणजे त्यांना आवडले.

दुश्मनाचं नाव घेतलं तर सेन्सॉर कापतं. न घेतलं तर पब्लिक आपापल्या मनानं भरून घेतं, सगळ्यांचीच सोय होते. म्हणून आमचा दुश्मन काळा चष्मा लावतो, तेवढं पुरतं. त्या गावालाही नाव नाही. तिथे खरं भांडण कशावरून आहे, हे आमच्या लेखकालाही ठाऊक नाही, आणि तो म्हणतो, ठाऊक झालं तर लिहिता येणार नाही. लोक पळताना दिसले की गाव झालं.

तलावाचं मात्र जमणार नाही. माणूस तिकीट काढतो ते दुश्मन मरताना पाहायला. तलाव कसा मारणार?

भिंतींवरचे नंबर मात्र पुसू नका. मी सांगितलं तेव्हा दिग्दर्शकांनी टाळीच दिली. अगदी लष्करी वाटेल, म्हणाले.

ट्रकांची आणि बुलडोझरची व्यवस्था इकडून झाली आहे, गावाला तोशीस नाही.

आपला,
दौलतराव


टेंभरी
६ फेब्रुवारी १९८३

जवाईबापू, आशीर्वाद.

तुमची फौज गेली. गाव जरासक शांत झालं. तुमी सामानासंग घाईघाईनं निघून गेले, धड बोलणं नाई झालं, म्हणून लिहिते.

कोकिळेले सांगा, टेंभरीत बर्फ पडला. तुमच्या माणसांनी कापसाच्या जिनिंग गिरणीतला टाकाऊ कापूस चार ट्रक आणून टेकडीवर पसरला. दुपारपर्यंत अर्धा बर्फ ढोरायनं खाल्ला, सरकी होती न त्यात. दिग्दर्शक ढोरायच्या मांगं धावे आन् ओरडे, "बर्फ बचाओ!" उरलेल्या बर्फाची शालूबाईनं गादी भरली. म्हणे, सरहद्दीची थंडी अशी उबदार असते हे माईत नव्हतं.

तानबा मंगळवारी दुश्मन होता, बुधवारी गावकरी. दोनी दिवस मेला. त्याले विचारलं, कोणत्या बाजूनं मराले बरं वाटलं? म्हणे, काकू, दुश्मनाच्या बाजूनं. तिकडं पडाले गवत होतं.

मंग गाव सोडाचा सीन झाला. डोक्यावर गाठोडे घेऊन सगळ्यायनं गावाबाहेर निघाचं आन् ट्रकावर चढाचं. हिरो बाजूनं बंदूक घेऊन चालन. सहा डाव निघालो आमी. पयल्या डावाले हिरोची टोपी उडाली. दुसऱ्याले रूपराव सरपंचानं कॅमेऱ्याले हात जोडले. तिसऱ्याले शालूबाई हासली. मले लोकरीची टोपी घातली होती, तिच्यात घाम, आन् दिग्दर्शक माह्यावर ओरडून राह्यला, "अम्मा, तुम्हारा घर छूट रहा है, रोओ!" मी म्हटलं, "सुटून नाई राह्यलं म्हणूनच नाई रडून राह्यली." त्याले समजलं नाई. तुमाले समजलं, मी पाह्यलं. तुमी खाली पाह्यलं.

आता हे सांगा. पुढच्या ट्रकावर एक चष्मेवाला उभा होता. तुमच्या कंपनीतला नव्हता, तुमच्या लोकायसंग जेवाले नाई बसला. हिरोची मारामारी झाली तवा तो झाडाखाली झोपला होता. आमी निघालो का उठे आन् फोटो काढे. जाताना प्रकल्पाच्या जीपमंदी बसून गेला. कोण होता तो?

चतुराबाई


मुंबई
१ मार्च १९८३

तीर्थरूप सासूबाईंना नमस्कार.

तो फोटोग्राफर पोस्टरसाठी होता. त्याची गाडी बंद पडली म्हणून प्रकल्पाच्या जीपमधून गेला असेल. मनावर घेऊ नये.

एक गंमत सांगतो. संकलनात तुमचा न रडणारा चेहरा ठेवलाय. मागे पोवाड्याचं संगीत टाकल्यावर तो देशाभिमान वाटतो. दिग्दर्शक म्हणाले, अशी म्हातारी पैसे देऊन मिळत नाही.

कोकिळेला थोडा खोकला आहे. बाकी क्षेम.

आपला,
दौलतराव


टेंभरी
३ जून १९८३

जवाईबापू,

आशीर्वाद नाई लिहिला, तो उरला तर खाली लिहीन.

काल रूपराव पेपर घेऊन आले. पेपरात आमचा फोटो. गाठोडे, ट्रक, पुढं मी लोकरीच्या टोपीत. हिरो कापून टाकला. म्हणजे त्याची कोपरं तेवढी राह्यली, माह्या खांद्याजवळ. खाली छापलं, "टेंभरीवासीयांनी स्वखुशीने गाव सोडले, प्रकल्पाचा मार्ग मोकळा."

आज नोटीस आली. म्हणे, तुमी २९ जानेवारीले गाव सोडलं, फोटो पुरावा आहे, म्हणून जमिनीच्या बदल्यात जमीन मांगाचा हक्क संपला. दसऱ्यानंतर घरं पाडाले बुलडोझर येईन. गावात कालपासून कोणी धड जेवलं नाई. लोक माह्या दारात येऊन बसतात आन् काईच नाई बोलत, कारण का माणसं तुमी आणले आन् तुमी माह्ये जवाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्या पिक्चरमंदी सरहद्दीवरच्या लोकायचं खरं भांडण पुसलं, तवा मी हासत होती. आता समजलं, एकाच कॅमेऱ्यानं दोन गावं पुसता येतात.

७ जुलैले वर्ध्याले पुनर्वसनाच्या मोठ्या सायबापुढं सुनावणी आहे. तुमी या आन् सांगा का हे शूटिंग होतं. दुसरं काई मांगत नाई.

चतुराबाई


मुंबई
१४ जून १९८३

तीर्थरूप सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण सध्या चित्राचं डबिंग चालू आहे. हिरोचा आवाज बसला आहे आणि त्याच्या जागी दुसरा ओरडणारा शोधायची जबाबदारी माझ्यावर आहे. ७ जुलैला निघणं अशक्य दिसतं.

माझ्या मते तुम्ही शांतपणे सांगावं. सरकारी माणसंही माणसंच असतात. ट्रक प्रकल्पाचे होते, हे खरं. त्यांनी ते फुकट दिले, यात वावगं काही नाही. त्यांनी एखादा फोटो काढून ठेवला असेल, तर तो आमच्या हातातला विषय नाही.

चित्र दिवाळीला लागेल. तुम्हाला पास पाठवतो.

आपला,
दौलतराव


टेंभरी
९ जुलै १९८३

जवाईबापू,

सुनावणी झाली. तुमची वाट मी दारापाशी उभं राहून पाह्यली, मंग बाकावर बसून पाह्यली, मंग पाह्यली नाई.

प्रकल्पाचा वकील मोठा फोटो घेऊन आला होता, पेपरातल्याहून चांगला. सायेब म्हणे, "आजी, या फोटोत तुम्हीच आहात ना?" मी म्हटलं, "मीच. पण सायेब, मले नका पाहू, घरं पाहा. बावीस घरातून धूर निघून राह्यला. त्या दिवशी शूटिंगवाल्यायनं सांगितलं होतं बाराले सोडतो, म्हणून सगळ्या बायायनं दाळ चुलीवर ठेवली होती. गाव सोडाचं असन तर बाई पयले चूल इझवते, तिची चिमूटभर राख पदरात बांधते नव्या चुलीसाठी, मंग उंबरठा ओलांडते. दाळ शिजत ठेवून कोणी जन्माचं निघून जाते काय? माही तर त्या दिवशी करपली. सहा डाव निघालो न."

सायेब हासला. वाईट नाई हासला. वकील म्हणे, धूर कशाचा ते फोटोवरून सांगता येत नाही. सायेब म्हणे, "आजी, तुमचं म्हणणं पटतं, पण कागदावर धूर लिहिता येत नाही. शूटिंग होतं म्हणता, तर कंपनीचा माणूस आणा. शपथेवर सांगू द्या. दहा ऑगस्टपर्यंत. नाहीतर मला फोटोच मानावा लागेल."

कंपनीचा माणूस म्हणजे तुमी. पास नका पाठवू. तुमी या.

जवाई माणसाले सासूनं तुमी म्हणाव, ताटात पयलं वाढाव, त्याच्यापुढं पदर घ्यावा, हे मी पंधरा वर्षं पाळलं. पुढंही पाळीन. पण दहा ऑगस्टले नाई आले तर कोकिळेले आणाले मी स्वतः मुंबईले येईन, आन् तिच्यासंगच वापस जाईन.

चतुराबाई


मुंबई
२० जुलै १९८३

मामी (घरात तुमाले म्हणतो तसंच लिहितो),

हे पत्र कोकिळेसमोर बसून लिहून राहिलो. तिनं सांगितलं, खरं लिहा नाहीतर लिहू नका.

ट्रक फुकट नव्हते. कंपनी म्हणे खर्च कमी करा. मी प्रकल्पाच्या साहेबाकडे गेलो. तो म्हणे, ट्रक देतो, बुलडोझर देतो, पण गाव निघतानाचा एक फोटो मले फाइलसाठी पायजे. मी म्हटलं घ्या, काय बिघडते. मले वाटलं, फोटोच तर आहे. पिक्चरमंदी आमी रोज गावं पेटवतो, पूल उडवतो, अन् संध्याकाळी सगळे घरी जेवाले जातो. ते लोक खरे आहेत, हे काम करता करता विसरूनच जाते माणूस. तुमच्या गावाचंही विसरलो.

तुमी टोपीत उभ्या होत्या अन् "घर सुटून नाई राह्यलं" म्हटलं, तवा आठवलं. तवाही गप्प बसलो. पोस्टरचं सांगितलं ते खोटं.

नऊ तारखेले येतो.

दौलत


टेंभरी
१८ ऑगस्ट १९८३

कोकिळे, तुले आशीर्वाद.

तुझा माणूस येथं आहे, बरा आहे, वांगे खाऊन राह्यला. त्याची नोकरी गेली, हे त्यानं तुले कळवलं नसन म्हणून मी कळवते. कंपनीची तार आली. त्यानं ती उशीखाली ठेवली होती, उशी मी उन्हात टाकाले उचलली.

आता सुनावणीचं. जवाईबापू दहा तारखेले पांढरे कपडे घालून सायबापुढं उभे राह्यले आन् शपथेवर सगळं बोलले. ट्रकाचं, फोटोचं, सगळं. म्हणे, "हे शूटिंग होतं, या सगळ्या लोकांना मीच रोजानं उभं केलं होतं." मले वाटलं, जितलो. तर प्रकल्पाचा वकील टुणकन उठला. म्हणे, "ऐकलंत साहेब? हे रोजाचे लोक होते. म्हणजे फोटोत खरे गावकरी नव्हतेच. मग खरे गावकरी कुठे आहेत? त्याआधीच निघून गेले असणार!" माय वो, खरं बोलावं तर असं! घडीभर अख्खी कचेरी आमच्याकडं पाहे, जसे आमी कुठून भाड्यानं आणलेले आहोत. तानबा उभा राहून म्हणे, "सायेब, मी खरा आहे, मी दोनदा मेलो." त्यानं काम आणखीन बिघडलं.

सायेब कंटाळला. म्हणे, मीच गावात येतो, डोळ्यानं पाहतो.

मंगळवारी आला. चिखलातून पायी आला, तवाच मले वाटलं, माणूस वाईट नाई. संग वकील, पटवारी, हातात तो मोठा फोटो. सगळं गाव पारापाशी बसलं होतं. सायेब म्हणे, "पंचनाम्यासाठी मला ताडून पाहायचं आहे. त्या दिवशी जसे निघाला होता, तसे एकदा चालून दाखवा. गाठोडी घेतली नाहीत तरी चालेल. दहा पावलं पुरे."

कोकिळे, साधी गोष्ट होती. दहा पावलं. सायबाच्या मनात पाप नव्हतं. रूपराव अर्धे उठलेही. मी त्यायचं धोतर धरलं आन् खाली वढलं. शालूबाईनं मांडी घातली. तानबा तर आडवाच झाला. कोणी हाललं नाई.

सायेब म्हणे, "अहो, नुसतं दाखवायला." कोणी हाललं नाई.

वकील जवाईबापूले म्हणे, "तुम्ही सांगा ना यांना. तुमचंच तर काम आहे हे. सहा वेळा चालवलंत, एकदा आणखी चालवा. फोटोत हेच लोक आहेत हे तरी सिद्ध होईल, तुमच्याच सासूचा फायदा." आन् खरं सांगते, बोलणं त्याचं चुकीचं वाटेना. जवाईबापू पुढं गेले. सवयीनं हात वर केला, तोंड उघडलं. मी पाह्यलं, रूपरावानं पाह्यलं, सगळ्यायनं पाह्यलं. आवाज निघाला असता तर काय सांगाव, लोकायले ओरडण्यावर उठाची सवय लागली होती, उठलेही असते. अन् वकिलाजवळ आणखी एक फोटोवाला उभाच होता, त्यानं कॅमेरा डोळ्याले लावला होता.

जवाईबापूनं हात खाली घेतला. मंग शालूबाईच्या बाजूले जागा पाह्यली आन् चिखलात बसून गेले, पांढऱ्या पँटीसकट.

घंटाभर सायेब उभा राह्यला. मंग रूपरावानं खाट आणून टाकली, तिच्यावर बसून त्यानं पंचनामा लिहिला आन् मोठ्यानं वाचला, "स्थळ पाहणीत गाव वस्तीत असल्याचे आढळले. वारंवार सांगूनही एकही इसम जागेवरून हलला नाही." वकील म्हणे, साहेब, 'सांगूनही' काढा, ते कायद्यात बसत नाही. सायेब म्हणे, "तेच तर पाहिलं मी," आन् खाली सही केली. पयली नोटीस रद्द आहे. जमिनीची सुनावणी कार्तिकात पयल्यापासून चालू होईन.

मंग एक एक करून सगळे उठले. जवाईबापूले उठता येईना, पाय चिखलात फसले होते. तानबानं एक हात धरला आन् मी एक. मी सासू, त्यायच्या आंगाले हात लावाचा नाई, पण लावला.

तुझी माय,
चतुराबाई